दत्तूआप्पांची चंद्री

आमचे शेजारी दत्तूआप्पा समोर शेळी बांधून कागदावर गाय काढतात. शेळीला त्याचं काही वाटत नाही; ती रवंथ करत उभी असते. आटपाडीच्या रस्त्यानं जाणारे लोक मात्र कुंपणापाशी थांबतात आणि हसतात ते माझ्याकडे बघून, कारण आप्पांना ही विद्या मी शिकवतो.

साताऱ्याला जन्मभर पोरांना चित्रकला शिकवून मी नुकताच गावी परतलो होतो. आता एकही विद्यार्थी नको, असं पक्कं ठरवलं होतं. पण एका सकाळी आप्पा नातवाची रंगपेटी काखेत घेऊन दारात उभे. म्हणाले, "सर, मला जनावर शिकवा."

असा विद्यार्थी वैऱ्यालाही मिळू नये. मुळात पाण्याचे रंग हेच त्यांना पटेना. जिथे टँकरची वाट बघायची, तिथे ब्रश धुवायला वाटीभर पाणी म्हणजे उधळपट्टी. ते गढूळ पाणी ते कढीपत्त्याच्या बुडाशी ओततात. मी म्हणायचो, आधी गाईचा आकार घ्या. ते आधी गव्हाण काढायचे, तिच्यात हिरवं कडवळ भरायचे आणि मगच गाईला हात घालायचे. बरगड्यांवर हलकी सावली द्या म्हटलं, तर म्हणाले, "लोक म्हणतील, वैरण घालत न्हाई. प्वाट भरल्यालं दिसू दे." त्यामुळे त्यांची प्रत्येक गाय पाण्याच्या टाकीसारखी फुगलेली.

खरी जुंपली ती पांढऱ्या रंगावरून. गाय खिलार, म्हणजे पांढरी. पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा, असं मी सांगितलं. त्यांना ती शुद्ध फसवणूक वाटली. गाय काढायची म्हणायचं आणि गाईच्या जागी काहीच काढायचं नाही, हे कसलं शिकवणं? रागावून त्यांनी घरचा चुना कालवून गाईला फासला. वाळल्यावर पोपडे उडाले, तेव्हा मुकाट्यानं परत आले.

एकदा मी वैतागून म्हटलं, एवढा आटापिटा कशाला, गाय गाठून मोबाईलवर फोटो काढा की.

आप्पांनी ब्रश वाटीत ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या सांगलीला लेकाकडे आहेत. डॉक्टरांनी जिवाला लागेल असं काही कानावर घालू नका म्हणून बजावलंय. आणि त्या तिकडे असतानाच इकडे लम्पीनं चंद्री गेली. काकूंनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली गाय. आप्पा रविवारी भेटायला गेले की पहिली चौकशी तिचीच.

"फोटू कशाचा काढू, सर? चित्रात ती हाय तरी."

त्या दिवसापासून मी बरगड्यांचा नाद सोडला.

हळूहळू आप्पांचा हात बसला. कोरा कागद सोडायलाही शिकले. रविवारी नेलेल्या चित्रातल्या गाईच्या पाठीवरून काकू हात फिरवतात, असं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा, आणि मलाही बरं वाटायचं.

परवा सोमवारी आले ते मात्र चेहरा पाडून. ओट्यावर बसून राहिले. काकूंची तब्येत बरी आहे ना, विचारलं. मानेनंच हो म्हणाले.

"ती सांगलीला गेली, तवा चंद्री गाभण हुती," आप्पा म्हणाले. "काल बोटं मोजत बसली हुती. म्हणती, दिवस भरलं की आता."

त्यांनी पिशवीतून नवा कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि माझ्यापुढे धरला.

"वासरू शिकवा, सर. कालवडच काढू. तिला कालवड पायजे हुती."