धानोऱ्याचे फोन

रामटेकेभाऊ कुणाचाही पासवर्ड बदलून देण्याआधी विचारतात, "आज घरी भाजी काय?" पलीकडून "वांगे" असं उत्तर आलं की नवा पासवर्ड वांगे, पुढे दोनचार आकडे. पावसाळ्यात आमच्या धानोरा केंद्रातली निम्मी माणसं 'वास्ते', म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, टाइप करून कामाला लागतात. मी संगणक सुरक्षेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस. हे ऐकून माझा जीव वरखाली व्हायचा.

आमची संस्था जंगलातला मोह, हिरडा, डिंक विकत घेते. चंद्रपूरच्या मुख्य कार्यालयात रामटेकेभाऊ आणि मी संगणक विभागात एकाच हुद्द्यावर, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. फोन मात्र सगळे त्यांना. चुकून मी उचलला तर पलीकडचा म्हणायचा, "भाऊ नाईत का? मंग नंतर करतो."

सरळच सांगतो, मी जळायचो. त्यांची बायको नातवाला सांभाळायला हैदराबादला मुलाकडे गेलेली, ऊर्जानगरच्या बाजूच्या त्यांच्या घरी कटकट करणारं कोणी नाही, याचाही मला हेवा वाटायचा.

त्यात आमच्या मूल गावच्या केंद्रातला सर्व्हर विजेच्या झटक्यानं जळाला. कोण माणूस, त्याचा पासवर्ड काय, त्याला काय उघडता येतं, ही माहिती चंद्रपूर, मूल आणि धानोरा अशा तीन सर्व्हरांवर असते. एकीकडे केलेला बदल आपोआप दुसरीकडे पोचतो. धानोऱ्याला तो मूलमार्गे जायचा. मूलचा सर्व्हर गेला आणि चंद्रपूर-धानोऱ्याचं बोलणंच तुटलं. तिकडे बदललेला पासवर्ड इकडे कळेना. माणसं रोज पासवर्डाच्या दारातच अडकू लागली.

मग काय, भाऊंची चंगळ! दिवसभर फोन. भाऊ दोन्हीकडे हातानं पासवर्ड बदलून देत, आणि बदलता बदलता कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या बैलाचं दुखणं. धानोऱ्याच्या केंद्रप्रमुख उसेंडीबाई बैठकीत म्हणाल्या, "रामटेकेभाऊ आहेत म्हणून आमचं चालून राह्यलं." माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

उपाय साधा होता. जळालेल्या सर्व्हरचं नाव यादीतून काढायचं आणि चंद्रपूर-धानोरा थेट जोडायचं. मी तसं म्हटलं की भाऊ म्हणत, "होते ना. काऊन घाई करून राह्यले? मूलवाल्यानं इतके वर्षं काम केलं, त्याचं नाव असं झटक्यात पुसते का कोणी?"

मला वाटलं, यांना हे जमत नाही आणि कबूलही करायचं नाही. एक दिवस ते कामानं मूलला गेले. मी जेवण बाजूला ठेवून बसलो. मूलवाल्याचं नाव पुसलं, नवा दुवा जोडला, इथं एक बदल केला. थोड्या वेळात तो धानोऱ्यात दिसला! मला नाचावंसं वाटलं. उसेंडीबाईंना मी स्वतः फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. भाऊले सांगा, आठवण केली म्हणून."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी पडद्यावर सगळं नीट तपासलं. "सफाईनं केलं," म्हणाले. मग हळूच, "मले येत होतं हे, लेनगुरेभाऊ. पहिल्याच दिवशी येत होतं."

मी खोचकपणे विचारलं, "मग केलं का नाही?"

ते हसले फक्त. आणि फोनकडे बघत बसले. फोन वाजला नाही. दुपार झाली तरी वाजला नाही. आता अडत कुणाचंच नव्हतं. भाऊंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, ठेवला. "लाइन चालू आहे ना?" मला विचारलं. संध्याकाळी आम्ही सगळे निघायची घाई करत होतो, आणि ते उगाच टेबल पुसत होते. ज्या फोनांसाठी मी इतका जळलो, ते मीच बंद केले होते.

पुढचा दिवसही तसाच गेला. शेवटी मी खाली गोदामात गेलो आणि तिथून त्यांचा नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"भाऊ, माझा पासवर्ड चालत नाही."

कळफलकाचा टकटक आवाज आला.

"चालून राह्यला तुमचा पासवर्ड, लेनगुरेभाऊ. इथी दिसते मले," ते म्हणाले. "पण ठेवू नका फोन. बोला."