डोळ्यावरचा धबधबा

सोलापुरात बाळीवेशीमागच्या एका बोळात एक होता शिवयोगी, एक होती त्याची बायको महानंदा, आणि त्यांच्या दारात एक होता नळ. घरात तिघांपैकी चालायचं ते नळाचं. तो चार-पाच दिवसांनी एकदा यायचा. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी नेमकं घरातलं माणूस मयताला निघालेलं असताना. आणि आला की त्याची जावयासारखी उठबस करावी लागायची. जावई निदान फोन करून तरी येतो.

ही सगळी उठबस महानंदेच्या गळ्यात. आधी नळातून नुसती हवा सूं-सूं करायची, मग गढूळ पाणी, ते सोडून द्यायचं, मग पिण्याच्या घागरी, मग सासऱ्याच्या वेळचा तो एवढासा हौद, मग बादल्या, तपेली, आणि धार टिकलीच तर चहाचं पातेलंसुद्धा. तिचे गुडघे नळाच्या आवाजावर उठायचे आणि नळाच्या आवाजावर बसायचे. पाण्याचा दिवस चुकवून ती कधी कुठं गेली नाही. लग्नं अर्धी सोडली, बारशी सगळीच सोडली.

एकच गोष्ट तिला सुटत नव्हती. माहेर मंगळवेढ्याचं, काळ्या रानातलं. दरवर्षी ज्वारी दाण्यात आली की धाकटा भाऊ बसलिंगप्पा फोन करायचा, "अक्का, हुरडा आला. कवा येतीस?" आणि दरवर्षी अक्का म्हणायची, "पाणी हाय रे." मग तो एसटीच्या कंडक्टरजवळ पिशवी द्यायचा. पण हुरडा आगटीशेजारी बसून, धूर डोळ्यात घेऊन, तळहातावर चोळून खायचा असतो. पिशवीतला गार हुरडा म्हणजे वऱ्हाडी गेल्यावरचा मांडव. कैक वर्षं ती तेवढंच खात होती.

आता शिवयोगी. चादरीच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात क्लार्क होता, तो रिटायर झाला. रिटायर माणसाला काम नसतं असं लोक म्हणतात, ते खोटं. त्याला मत द्यायचं काम असतं, आणि शिवयोगी ते दिवसभर करायचा, सुट्टी न घेता.

त्या दिवाळीला पुण्याहून अजिंक्य, म्हणजे त्यांचा एकुलता एक लेक, येताना एक खोका घेऊन आला. "बाबा, तुमच्यासाठी. डोळ्याला लावा आन् घरबसल्या जग फिरा." आत एक काळं धूड होतं, मागं पट्टे, पुढं काच. डोळ्याला बांधलं की भिंती जातात आणि समुद्र येतो, डोंगर येतो, वाघ येतो. हेडसेट म्हणतात त्याला.

महानंदेनं ते हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. "घाण्याच्या बैलाला झापड बांधतात, तसलं हाय की."

"महाग वस्तू हाय ती," शिवयोगी म्हणाला. "तेवढ्यात दुभती म्हस येती."

"मग म्हस का न्हाय आणली?"

अजिंक्य चहा पीत राहिला. (त्यानं उत्तर का दिलं नाही ते पुढं कळेल.)

दिवाळी झाली, लेक परत गेला, आणि शिवयोगीनं बोळाला जग दाखवायला काढलं. पहिला नंबर शेजारच्या नबीलालचा. नबीलाल रिक्षावाला, भर बाजारात समोर बैल आला तरी ब्रेक न दाबणारा गडी. त्याला कड्याच्या टोकावर उभं केल्याबरोबर त्यानं बाजेचा खूर दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या आईला हाक मारली. आई वारून बरीच वर्षं झाली होती. मग त्याची बायको कमरबी. तिचा चष्मा आत मावेना, आणि चष्म्याशिवाय तिला दिसेना. तिनं थोडा वेळ धुकं बघितलं, अंग गरगरतंय म्हणाली आणि पट्ट्यात अडकलेले केस सोडवत बसली.

तरी शिवयोगी थकेना. तो सांगायला लागला, की रेडिओ आला तेव्हा बोळात एकाकडं होता, टीव्ही आला तेव्हा एकाकडं होता, मोबाईलला तर लोक हसले होते. आता भिकारीसुद्धा मोबाईल दाखवतो, यावर टाका म्हणतो. "लिहून ठेवा भाभी. पाच वर्षांत ही वस्तू ह्या बोळात घराघरात असंल."

कमरबीनं केस बांधले. "अण्णा, टीव्ही आला तवा आख्खा बोळ एका खोलीत बसत होता की. हे एकानं घालायचं आन् बाकीच्यांनी त्याच्या उघड्या तोंडाकडं बघायचं. गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा मला बी आवडतो. म्हणून काय मी तो घरात बांधून घेतला?"

शिवयोगी म्हणाला, दूरचं दिसायला नजर लागते, ती सगळ्यांना नसते. (हे तो हेडसेट घालून बोलत होता, आणि कमरबीऐवजी कपाटाशी बोलत होता.)

मग हुरड्याचे दिवस आले. बसलिंगप्पाचा फोन आला. महानंदेनं फोन कानाला लावला आणि नेहमीचे दोन शब्द तोंडात गोळा केले. तेवढ्यात शिवयोगी बाजेवरून बोलून गेला, "जा की. पाणी मी भरतो."

बोलायला किती सोपं होतं. जिभेला हाड नसतं, आणि बाजेवर पडलेल्या माणसाच्या जिभेला तर नसतंच.

महानंदेनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं नबीलालनं कड्याखाली बघितलं होतं. पण तिला जायचं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, मग त्याच्याकडून वदवून घेतलं, मग घागरी हौदाशेजारी ओळीनं मांडून ठेवल्या, पाईप नळाला लावून दिला. "खुर्चीवरनं उठू नका. सूं-सूं झालं की समजायचं आलं. गढूळ जाऊ द्या, मग घागर लावा. एवढंच हाय."

"मी ट्रकच्या ट्रक पाठवलेत आयुष्यभर," शिवयोगी म्हणाला. "एक घागर भरता येत न्हाय व्हय मला?"

सकाळच्या एसटीनं ती गेली. जाताना बोळाच्या तोंडाशी एकदा वळून बघितलं, नवऱ्याकडं नाही, नळाकडं.

शिवयोगी खुर्चीवर बसला. नळ सोडून ठेवला, पाईपचं तोंड मांडीवर घेतलं. आता नळाची वाट बघणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. पेपर वाचून झाला. मत द्यायला कुणी नव्हतं. ऊन अंगणात आलं. त्याला वाटलं, खुर्चीवरून उठू नका म्हणाली, बसून काय करू नका असं तर म्हणाली नाही. खिडकीतनं हात घालून त्यानं हेडसेट घेतला. पाण्याचाच दिवस, म्हणून परदेशातला एक मोठा धबधबा लावला. पाचच मिनिटं.

धबधबा छान होता. हिरवे डोंगर, पांढरं पाणी. थोड्या वेळानं सूं-सूं वारा सुरू झाला. शिवयोगीला कौतुक वाटलं, वाऱ्याचासुद्धा आवाज घातलाय लेकांनी. मग धबधब्याची धार मोठी झाली. मग पायावर गार तुषार आले. आता मात्र तो थक्क झाला. गंध सोडून काही बाकी ठेवलं नव्हतं बनवणाऱ्यानं. (गंधही यायला लागला, गढूळ पाण्याचा. तो त्याला खळाळत्या नदीचा वाटला.)

भिंतीपलीकडून कमरबीचा आवाज आला, "पानी आया, अण्णा, पानी आलं वो!"

शिवयोगी हसला. धबधब्यावर सोलापूरची माणसंसुद्धा गेलीत म्हणायची.

मागं काय आहे ते बघावं म्हणून तो उभा राहिला आणि वळला. मांडीवरचा पाईप पडायला लागला तसा त्यानं तो हातात धरला, हात नकळत पुढं गेला, आणि पाईपचं तोंड लागलं उघड्या दाराकडं. इकडं तो डोंगर बघत होता, तिकडं पाणी उंबरा ओलांडून आत चाललं होतं. आत गेलं, गादीखाली गेलं, बसलिंगप्पानं दिलेलं वर्षाच्या ज्वारीचं पोतं खालून भिजवलं, आणि मागच्या मोरीतनं शांतपणे निघून गेलं. घागरी ओळीत उभ्या होत्या. कोरड्या.

धबधबा बारीक झाल्यासारखा वाटला तेव्हा त्यानं डोळ्यावरचं काढलं. पायातली एक चप्पल नव्हती. ती घरात पोचली होती. नळातून शेवटचे दोन थेंब पडले. तेवढे त्यानं ओंजळीत धरले.

दुपारभर तो फडक्यानं घर पुसत होता. ज्वारी गच्चीवर पसरली. कमरबीनं आपल्या दोन घागरी आणून हौदात ओतल्या. 

दिवेलागणीला महानंदा आली. अंगाला आगटीच्या धुराचा वास, बोटं हिरवी, चेहरा कसा लग्नाच्या फोटोतला. आल्या आल्या ती दारातच बोलायला लागली. भावानं कणसं कशी भाजली, शेंगाचटणी कशी होती, वहिनीनं पुढच्या वर्षी राहायलाच ये म्हणून कसं बजावलं. मग म्हणाली, "मी उगंच इतकी वर्षं जीव टांगून बसले. तुमी केलं की सगळं. आता दरसाल जाईन."

यावर शिवयोगीनं खरं सांगायला हवं होतं. ती हौदाच्या झाकणाकडं निघाली, तसा तो आडवा गेला आणि म्हणाला, थांब, आधी एक गंमत बघ. असं म्हणून त्यानं हेडसेट तिच्या डोळ्यावर चढवला. कुंकू पुसलं, अंबाडा सुटला. "बघ किती पाणी हाय."

ती उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. हात पुढं केला, हाताला काही लागलं नाही. मग तिनं ते काढलं आणि विचारलं, "भरून घेता येतं का ह्यातलं?"

 तिनं जाऊन झाकण उघडलं. हौदाच्या तळाला कमरबीच्या दोन घागरी चमकत होत्या.

ती ओरडली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण ती ओरडली नाही. पायरीवर बसली, गुडघे चोळले आणि म्हणाली, "न्हाय जायची आता कुटं." तळहाताला हुरड्याची एक हिरवी काडी चिकटली होती, ती काढून तिनं हात पदराला पुसला.

पुढच्या पाण्याला ती खुर्ची टाकून बसली. त्याच्या पुढच्यालाही. संक्रांत जवळ आली तसा बसलिंगप्पाचा परत फोन आला, की शेवटची कणसं राहिलीत, अक्का, ये. "न्हाय रे," अक्का म्हणाली, "पाणी हाय." शिवयोगी बाजेवर हेडसेट घेऊन पडला होता. त्यानं तो डोळ्याला लावला, काढला, परत लावला. आत समुद्र होता, बाहेर ती पाठमोरी बसली होती, नळावर हात ठेवून. समुद्रात काही राम वाटेना.

त्यानं अजिंक्यला फोन लावला. कसंबसं म्हणाला, बाळा, तू एवढ्या हौसेनं दिलेलं, पण विकलं तर रागावशील का?

 तिकडून अजिंक्य म्हणाला, "बाबा, विका. मी पण पंधरा दिवसच वापरलं होतं. मान दुखते. कपाटावर पडून होतं, म्हणून तुमाला आणलं."

म्हणजे ज्या वस्तूचं भविष्य शिवयोगी बोळाला सांगत होता, ती पुण्यातनं निवृत्त होऊनच आली होती. त्याच्यासारखीच.

सिद्धेश्वराचा गड्डा भरला होता. तिथं टेंभुर्णीचा प्रभु म्हणून एक पाळणेवाला दरवर्षी यायचा. त्याला हेडसेट डोळ्याला लावल्याबरोबर आवडला. पाळणा उभा करायला चार माणसं लागतात, हा पिशवीत मावतो. त्यानं व्यवहार केला आणि दुसऱ्याच दिवशी एक खुर्ची टाकून दुकान मांडलं. एक काळजी मात्र घेतली. शिवयोगीनं आपल्या तोंडानं सगळी हकीकत सांगितली होती, म्हणून प्रभु प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सोलापुरी टॉवेलनं खुर्चीला बांधायचा, मग धबधबा दाखवायचा. रांग लागली. नबीलालसुद्धा रांगेत होता. कमरबी तेवढी म्हणाली, "बगा अण्णा, मी काय म्हनले होते. गड्ड्यातच बरं दिसतं हे."

आणि त्या पैशात आली टाकी. मोठी, काळी, हातगाडीवर दोरीनं बांधलेली, बोळात शिरताना दोन्ही भिंतींना घासत आली. महानंदेनं तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिल्यांदा भरली तेव्हा तिनं काठी घेऊन बाहेरून ठोकून बघितली. वरपर्यंत भरीव आवाज आला. एकदा भरली की मधली एक खेप चुकली तरी घर अडत नव्हतं. त्या रात्री तिनं नळाकडं पाठ करून जेवण केलं.

बोळ ते बघत होताच. पुढच्या महिन्यात कमरबीकडं टाकी आली, मग पलीकडच्या घरात, मग कोपऱ्यावर. वर्ष फिरायच्या आत शिवयोगीचं भाकीत शब्दशः खरं ठरलं. महाग वस्तू होती, पण घराघरात पोचली. तेवढी वस्तू निराळी निघाली.

ज्वारी परत दाण्यात आली. बसलिंगप्पानं फोन केला, "अक्का, कवा येतीस?"

"निघालेच," अक्का म्हणाली. "राहायला येते."

पिशवी भरली, नवं लुगडं नेसली. जाताना किल्ली मात्र कमरबीच्या हातात दिली. "भाभी, टाकी भरल्याली हाय, तिची काळजी न्हाय. मधी नळ आला तर तेवढं बघा. तुळशीला तांब्याभर पाणी घाला, मांजराला दूध ठेवा, आन् ह्यास्नी दोन वेळची भाकरी वाढा."

आपला नंबर मांजरानंतर लागला, हे शिवयोगीच्या ध्यानात आलं. तरी त्यानं दारातून विचारलं, "आन् पाणी आलं तर मी काय करू?"

महानंदेनं जरा विचार केला.

"तुमी खुर्चीवर बसा," ती म्हणाली. मग चार पावलं गेली, थांबली, आणि वळून कमरबीला म्हणाली, "टॉवेल दाराच्या मागं हाय."