सातवा चौकोन

दादांनी सोफा ठेवून जाताना सोबत साडेतीन पानांच्या सूचना दिल्या होत्या. सोफा अस्सल चामड्याचा, तपकिरी, तिघांना पुरेल असा. सूचना वाचल्यावर मात्र वाटायचं, तिघांनीच काय, कुणी एकानेही त्यावर न बसलेलं बरं. ऊन लागू देऊ नये. ओलं फडकं फिरवू नये. खिशात किल्ल्या असताना टेकू नये. दादांच्या घराचं काम सहा महिने चालणार होतं, तेवढ्यापुरता सोफा धाकट्या बहिणीकडे, म्हणजे काकूंकडे, आला होता.

"नीट सांभाळ हं," जाताना ते म्हणाले, "तुमच्या घरात वस्तू टिकत नाही."

हे वाक्य दादा बहिणीच्या लग्नापासून म्हणत आले होते. आधी मिक्सरबद्दल, मग भिंतीवरच्या घड्याळाबद्दल, एकदा तर कुंडीतल्या झाडाबद्दलसुद्धा. या वेळी दादाला ते वाक्य गिळायला लावायचंच, असं काकूंनी मनाशी पक्कं केलं होतं. अडचण एकच होती, आणि तिच्याशी त्यांनी लग्न केलेलं होतं.

काका एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. निवृत्त झाले तेव्हा नळ्या कॉलेजातच राहिल्या, सवय तेवढी घरी आली. करून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. इमारतीतली लहान-थोर सगळी त्यांना 'प्रयोगकाका' म्हणायची आणि स्वतःच्या घरातली बिघडलेली वस्तू त्यांच्यापासून लपवायची.

चौथ्या महिन्यात सोफ्याच्या हातावर कपाचं गोल वर्तुळ उमटलं. कप काकांचाच होता. काकूंनी त्यावर वर्तमानपत्र अंथरलं. काकांनी सूचनांची पानं काढली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'डाग पडल्यास कोणताही पदार्थ आधी लपलेल्या जागी थोडासा लावून पाहावा.' दुसऱ्या कुणी ती ताकीद समजली असती. काकांना ते आमंत्रण वाटलं.

लपलेली जागा म्हणजे सोफ्याची पाठ. ती भिंतीकडे होती, आणि चांगली ऐसपैस होती. काकांनी सोफा दोन हात पुढे ओढला, चिकटपट्टीने पाठीवर बारा चौकोन आखले आणि कपाटातून बाटल्या काढल्या. खोबरेल तेल, ग्लिसरीन, व्हिनेगर, दूध, बिनरंगाचं बूटपॉलिश. कुठल्या चौकोनाला काय लावायचं ते त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं.

"चिठ्ठ्या कशाला?" काकूंनी विचारलं.

"अगं, आपलं मन कुठेतरी कलतं. प्रयोगात पक्षपात नको."

मग प्रत्येक चौकोनावर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून, सगळी नोंद एका कागदावर करून त्यांनी जाहीर केलं, "तीन आठवडे उघडायचं नाही."

"आणि डाग?"

"तो कुठे पळून जातोय?"

अठराव्या दिवशी दादांचा फोन आला. घर लवकर तयार झालं होतं, रविवारी सकाळी दहाला ते टेम्पो घेऊन येणार होते. त्या दिवशी बुधवार होता. घाबरलेला माणूस प्रयोग सोडतो आणि साबणाकडे वळतो. काकांनी बादलीभर साबणाच्या पाण्यात व्हिनेगर ओतलं आणि सबंध सोफा, पुढून-मागून, प्लॅस्टिकच्या तुकड्यांवरूनही, सारखा घासून काढला.

सोफा वाळला तेव्हा पांढुरका पडला होता आणि पुठ्ठ्यासारखा ताठ झाला होता. कपाचं वर्तुळ तसंच होतं. उलट आता ते दारातूनही दिसत होतं.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "या वेळी तरी वाटलं होतं हो मला." काकांना फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून नळ्या फुटल्या होत्या, एकदा टेबलाने पेट घेतला होता, पण इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून ते सोफ्यामागे गेले आणि प्लॅस्टिकचे तुकडे काढू लागले. पहिला चौकोन चिकट. दुसरा काळा. तिसऱ्याला नासक्या दुधाचा वास. एकामागून एक सगळे वाया गेले होते. आणि मग सातवा.

"अगं, इकडे ये! लवकर!"

सातवा चौकोन झळकत होता. गडद, मऊ, ऊबदार तपकिरी. भोवतालच्या पांढुरक्या चामड्यात तो खिडकीसारखा उघडा दिसत होता. दोघं उकिडवी बसून पाहत राहिली.

"काय लावलंत हो याला?"

"कागदावर आहे."

"आणि कागद?"

कागद नव्हता. टेबलावर नव्हता, खणात नव्हता, गादीखालीही नव्हता. "कसा होता?" काकूंनी विचारलं. "आखलेला, लांबट," काका म्हणाले. "असे छप्पन्न कागद पडलेले असतात तुमचे," काकू म्हणाल्या.

काकांनी मग बाटल्या मोजल्या. अकरा भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा अकराच. चौकोन बारा, बाटल्या अकरा! काकांचे डोळे लकाकले. म्हणजे सगळी करामत त्या बाराव्या बाटलीची!

गुरुवार आणि शुक्रवार बाटली शोधण्यात गेले. काकांनी कचऱ्याची पिशवी उपसली, माळा उपसला, शेजारणीला "तुम्ही चुकून नेली नाही ना?" असं विचारून तिच्याशी वाकडं घेतलं. कुठलीही बाटली दिसली की ते झाकण उघडून हुंगत आणि धावत जाऊन सोफ्याच्या पाठीला नाक लावत. शनिवारी त्यांनी समोरच्या चांभाराला हाताला धरून घरी आणलं. त्याने सातव्या चौकोनावर बोट फिरवलं, वास घेतला.

"काय येतोय वास?" काकांनी श्वास रोखून विचारलं.

"चामड्याचा."

"तेच तर! आतला अस्सल वास बाहेर काढलाय त्याने. असं कशाने होतं?"

चांभाराने काकांकडे थोडा वेळ पाहिलं. "मी निघतो साहेब," तो म्हणाला, "दुकान उघडं टाकून आलोय."

रविवारी दादा दहाला पाच मिनिटं कमी असतानाच आले. सोबत दोन हमाल होते. दारातच थांबून त्यांनी सोफ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. काकूंनी मान खाली घातली.

"तरी मी म्हणत होतो," दादांनी सुरुवात केली, "तुमच्या घरात..."

तेवढ्यात हमालांनी सोफा उचलून वळवला आणि त्याची पाठ दादांसमोर आली. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एरवी पडलेली किल्लीसुद्धा दुसऱ्याकडून उचलून घेणारा तो माणूस चक्क गुडघ्यांवर बसला.

"भावोजी, हे काय आहे?"

"प्रयोग," काका पुटपुटले.

"बाकीचं जाऊ द्या हो. हा चौकोन बघा! दुकानातून आणला तेव्हासुद्धा माझा सोफा असा दिसत नव्हता. मला चामड्यातलं कळतं. काय लावलंत?"

"आठवत नाही."

"आठवत नाही, की सांगायचं नाही?"

"बारावी बाटलीच सापडत नाहीये दादा, खरंच!"

"समजलो," दादा गालात हसले. "कुणीच सांगणार नाही असलं."

सोफ्याचा एक पाय जिथे होता तिथे जमिनीवर कागदाची घडी पडली होती. मागे सोफा डुगडुगत होता म्हणून काकूंनीच ती पायाखाली सारली होती. आता फेकून द्यायला त्यांनी ती उचलली, सहज उलगडली आणि थांबल्या. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागदाची आणखी छोटी घडी करून त्यांनी मुठीत धरली आणि मान वर केली.

"घरगुती आहे ते, दादा," त्या म्हणाल्या. "नाव घेण्यासारखं काही नाही त्यात."

"मग सबंध सोफ्याला तेच कर. लागू देत दोन महिने, मी थांबतो." दादांनी हमालांना खुणेने सोफा खाली ठेवायला सांगितलं. दारापाशी जाऊन ते वळले. "तुमच्या घरात..." म्हणाले, घसा खाकरला. "बरी ठेवता तुम्ही वस्तू."

टेम्पोचा आवाज लांब गेला तसे काका झेपावले. "दे तो कागद!"

त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून: 'क्र. ७ : काहीही लावू नये. तुलनेसाठी आहे तसाच ठेवावा.'

काका कागदाकडे बघतच राहिले. दर वर्षी, पहिल्या तासाला, मुलांच्या प्रत्येक तुकडीला ते बजावत आले होते, एक नळी कोरी ठेवा, एक नळी कोरी ठेवा.

"म्हणजे सातवा..."

"दादाचाच सोफा. त्याने दिला होता तसा," काकू म्हणाल्या. "आणि ओळखलाही नाही त्याने."

बसायला काका स्टूल शोधू लागले, तर काकू चहाचा कप घेऊन सोफ्याच्या मधोमध पाय वर घेऊन बसलेल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"बसा की," त्या म्हणाल्या.

"पण दोन महिन्यांनी काय करायचं?"

"ते दोन महिन्यांनी बघू."

काका अवघडून टेकले. ताठ चामडं कुरकुरलं. काकूंनी चहा संपवला. मग काकांची नजर हळूहळू सोफ्याच्या पाठीकडे गेली.

"मी काय म्हणतो, त्या सातव्याच्या फक्त एका कोपऱ्यावर जर..."

काकूंनी रिकामा कप सोफ्याच्या हातावर ठेवला. त्या वर्तुळात तो बरोब्बर बसला.