सरांची कवळी झाडावर

"ज्याला वास आहे ते सगळं वर जाणार," असं जाहीर करून गुणवंत मेश्राम निळी पिशवी घेऊन तंबूतंबूंतून फिरायला लागला. "फूड, टूथपेस्ट, साबण, क्रीम, सगळं. अस्वलाला कुठल्या कुठून वास येतो, माहितेय?"

ओंटारिओतल्या आंबेडकरी मंडळींचं उन्हाळी शिबिर यंदा पहिल्यांदाच शाळेचा हॉल सोडून तळ्याकाठच्या पार्कात भरलं होतं, आणि तेही गुणवंतच्या भरवशावर. गुणवंत मूळचा नागपूरचा, आता मिल्टनचा, टोरांटोत सॉफ्टवेअरमध्ये. स्वतः तो आजवर एकदाही तंबूत झोपलेला नव्हता, पण नेटवर वाचलं इतकं होतं की विचारू नका. स्लीपिंग बॅग कसली घ्यावी, तंबूच्या खुंट्या कशा तिरप्या ठोकाव्यात, जंगलात सुती मोजे का घालू नयेत, हे सगळं तो ऑफिसला जाताना गो ट्रेनमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकलमध्ये, शेजारी बसलेल्याला न विचारता सांगायचा. शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी डबा बदलायचा.

"माझी पावडरसुद्धा?" बेबीताईंनी विचारलं. बेबीताई मंडळाच्या अध्यक्ष. लंडनहून आल्या होत्या, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनहून. तिथल्या एका हॉस्पिटलात त्या नर्स होत्या.

"ताई, पावडर तर फर्स्ट. तिला किती वास आहे."

"अरे, मग गाडीच्या डिकीत टाकून दे ना सगळं. झाडावर कशाला चढवतोस?"

"ताई, अस्वलाला डिकी उघडायला कितीसा वेळ लागतो? झाड म्हणजे झाड. मी सगळं वाचलंय."

वाचलेल्या माणसापुढे कोण बोलणार. पिशवीत पोहे गेले, साखर गेली, चहापत्ती गेली, लसणाची चटणी गेली. कांदा चिरलेल्या सुऱ्यासुद्धा गुणवंतनं सोडल्या नाहीत.

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर सासऱ्यांसाठी. त्याच्या बायकोचे, दीपाचे, वडील रविकांत रामटेके नागपूरहून लेकीकडे आले होते. निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना सरच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिराचं मुख्य भाषण त्यांचं होतं. त्या भाषणांबद्दल काय सांगावं? सुरुवातीला मांडीवर असलेलं पोर भाषण संपेपर्यंत चालायला लागतं, असं त्यांचेच जुने विद्यार्थी म्हणायचे, अर्थात सर लांब असताना. माणूस मात्र सोन्यासारखा. फक्त जावयाचं कौतुक त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. गुणवंतनं घर घेतलं, सर म्हणाले, "ठीक." गुणवंतला प्रमोशन मिळालं, सर म्हणाले, "ठीक आहे." आणि सरांच्या शाळेत ठीक म्हणजे काठावर पास. या शिबिरात तरी सासऱ्यांनी एकदा आपल्या पाठीवर हात ठेवावा, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

शेवटी तो सरांच्या तंबूत डोकावला. सर भिंतीकडे, म्हणजे तंबूला जी काय भिंत असते तिच्याकडे, तोंड करून झोपले होते. उशाशी कवळीची डबी होती. आत पाणी, पाण्यात दात, आणि दात स्वच्छ करायची ती गोळी विरघळून पुदिन्याचा असा घमघमाट सुटला होता की अस्वलाचं जाऊ द्या, गुणवंतलाच भूक लागली. तो जरा घुटमळला. पण नियम म्हणजे नियम. सासऱ्यांच्या उशाशी पुदिना ठेवून आपण शेजारच्या तंबूत घोरायचं, हे त्याच्या मनाला पटेना. सकाळी सर उठायच्या आत डबी जागच्या जागी ठेवू, असं म्हणत त्यानं ती अलगद उचलली आणि पिशवीत टाकली. दीपालाही सांगितलं नाही. मग पाइनच्या उंच फांदीवरून दोरी टाकून त्यानं पिशवी अशी काही वर चढवली की खाली उभी असलेली मंडळी नुसती बघत राहिली.

सकाळी पिशवी खाली येईना.

दोरीला मध्ये जी गाठ होती ती फांदीच्या बेचक्यात जाऊन बसली होती. गुणवंतनं ओढून पाहिलं, लोंबकळून पाहिलं. पिशवी वर शांतपणे डुलत होती. हळूहळू तंबू उघडले, माणसं ब्रश घेऊन बाहेर आली आणि टूथपेस्ट वर आहे हे आठवून तशीच उभी राहिली.

"चहा?" बेबीताईंनी विचारलं.

गुणवंतनं वर बोट दाखवलं.

"साखर?"

"सगळं सोबतच आहे, ताई."

पलीकडच्या साइटवरच्या गोऱ्या कुटुंबानं तेवढ्यात गाडीची डिकी उघडली, आतून खाण्याचं खोकं काढलं आणि अंडी तळायला घेतली. त्यांच्या पलीकडच्यांनीही डिकीच उघडली. बेबीताईंनी तिकडे पाहिलं, मग गुणवंतकडे पाहिलं.

इतक्यात दीपा धावत आली. "अहो, बाबांची डबी दिसत नाहीये. तुम्ही पाहिली का?"

गुणवंतनं पुन्हा वर बोट दाखवलं.

"दात?" दीपानं मान वर करून पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही बाबांचे दात झाडावर टांगले?"

"पुदिन्याचा वास येत होता गं."

"आज त्यांचं भाषण आहे. ओकव्हिलपासून माणसं येतायत त्यांच्यासाठी. आता काय तोंड दाखवायचं त्यांना?"

सर तंबूच्या दारात उभे होते. तोंडावर टॉवेल धरला होता, वर फक्त चष्मा दिसत होता. त्यांनी झाडाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत गेले. एरवी निदान ठीक तरी म्हणायचे. गुणवंतला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

मग प्रयत्न सुरू झाले. गुणवंतचा मित्र बुद्धभूषण म्हणाला, "सिंपल आहे, खालून बूट मारू." त्यानं बूट मारला. बूट फांदीत अडकला. तो बूट काढायला त्यानं दुसरा बूट मारला. तोही अडकला. मग अनवाणी बुद्धभूषण गुणवंतच्या व्हॅनच्या टपावर चढला आणि कनूचं, म्हणजे तळ्यातल्या छोट्या होडीचं, वल्हं घेऊन पिशवी ढोसायला लागला. वल्हं वीतभर कमी पडत होतं, म्हणून त्यानं उडी मारली. टपाला परातीएवढा खळगा पडला आणि पिशवीनं नुसती गिरकी घेतली.

"सगळे मिळून ओढू," कोणीतरी सुचवलं.

सगळ्यांनी मिळून ओढलं. फांदी धनुष्यासारखी वाकली, पिशवी हाताशी आली म्हणेपर्यंत ओढणाऱ्यांचे पाय पाइनच्या सुयांवरून घसरले, मंडळी एकमेकांवर पडली आणि फांदी सटकन जागेवर गेली. गाठ आता अशी घट्ट बसली की ती झाडालाच फुटली असावी असं वाटावं. गुणवंतची मुलगी अपूर्वा हे सगळं मन लावून पाहत होती.

"डॅडी, इज आजोबाज स्माइल अप देअर?"

"बेटा, तू तळ्याकडे जा बरं."

भाषणाची वेळ झाली. बेबीताई तंबूबाहेर उभं राहून हळूच म्हणाल्या, "सर, थोडक्यात बोललात तरी चालेल. मंडळी आपलीच आहेत." आतून सरांचा हात बाहेर आला आणि नाही म्हणून हलला. बेबीताईंनी सुस्कारा सोडला आणि बिनचहाच्या मंडळींना घेऊन त्या पिकनिक शेडकडे निघाल्या. दीपाही गेली, जाताना नवऱ्याकडे न बघता.

झाडाखाली गुणवंत एकटा उरला. त्याला रडू यायचंच काय ते बाकी होतं. एवढं वाचलं, एवढी तयारी केली, आणि सासऱ्यांना भरल्या शिबिरात तोंड लपवायची वेळ आणली. आता हा माणूस नागपूरला परत जाईल आणि जन्मभर आपलं नावही घेणार नाही. त्यानं चिडून दोरी फेकून दिली. फेकली ती सैल झाली, दोरीची लाट वरपर्यंत गेली आणि गाठ बेचक्यातून आपसूक निसटली. पिशवी धपकन त्याच्या पायाशी पडली. सकाळपासून सगळे ओढत होते, आणि सोडायची होती. यात काही मोठं तत्त्व असेल तर ते सरांनी सांगावं, गुणवंतला तेवढी उसंत नव्हती. त्यानं पिशवी उपसून डबी शोधली. झाकण घट्ट होतं, दात शाबूत होते. त्याच्या जिवात जीव आला.

तो धावत सरांच्या तंबूत शिरला. "बाबा, मिळाली! चला, अजून मंडळी शेडमध्येच आहेत."

सरांनी डबी घेतली. बाहेर डोकावून पाहिलं, तंबूची चेन ओढून घेतली, कवळी तोंडात बसवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोणी पाहिलं का तुम्हाला?"

"नाही."

"बसा मग. जवाईबापू, तुम्ही माझं भाषण ऐकलंय?"

"हो बाबा. आमच्या लग्नात."

"खरं सांगा, कसं होतं?"

गुणवंत खाली टेकला. सकाळपासून इतकं झालं होतं की आता खोटं बोलायचीही ताकद नव्हती. "मोठं होतं, बाबा."

"मलेही तेच वाटते," सर म्हणाले, आणि बाहेरच्या जगात कधी न वापरलेल्या बोलीत मोकळे झाले. "लोक बोलावतात, हार घालतात. एकदा उभा राहिलो की कुठं थांबावं तेच समजत नाही. लोक जांभया देऊन राहिले, मी बोलून राहिलो. रिटायर झालो तरी सुटका नाही. म्हटलं कॅनडाला जाऊ, नातीसोबत तळ्यात पाय सोडून बसू, तर इथंही भाषण. काल झोपच आली नाही. तुम्ही डबी नेली तेव्हा मी जागाच होतो."

"जागे होतात? मग बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? मनात म्हटलं, नेतो तर नेऊ दे बिचारा."

गुणवंत पाहतच राहिला. सकाळचा टॉवेल, ती नजर, तो अबोला, सगळं त्याला नव्यानं दिसायला लागलं.

"आता असं करा," सर म्हणाले, "पिशवी खाली आली म्हणून सांगा, सगळ्यांना चहा द्या. डबी मात्र सापडली नाही."

"कुठे गेली म्हणून विचारलं तर?"

"खार घेऊन गेली म्हणा."

"बाबा, खार?"

"उभी हयात पोरांनी मले सांगितलं की वही बकरीनं खाल्ली. मी ऐकून घेतलं ना? आता जरा माझंही ऐकून घ्या कोणी." एवढं बोलून त्यांनी दात काढले, डबीत ठेवले, डबी जावयाच्या खिशात सरकवली आणि तोंडावर टॉवेल धरला.

शेडमध्ये गुणवंतनं खाली मान घालून खारीची हकीकत सांगितली. "अरेरे," बेबीताई म्हणाल्या, आणि त्याच श्वासात, "चहाचं आधण ठेवा रे." मंडळींनी माना हलवून हळहळ व्यक्त केली, पण चेहरे असे उजळले होते की जणू शाळेला अचानक सुट्टी मिळाली. कोणी कनू सोडायला धावलं, कोणी मक्याची कणसं सोलायला बसलं. बुद्धभूषण तेवढा भाबडा. तो अनवाणीच झुडपांत खार शोधत फिरू लागला. दीपानं चहाचा कप पुढे केला आणि नवऱ्याच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं.

"खिशात काय आहे?"

"टूथपेस्ट."

दीपानं शेडच्या कोपऱ्यात बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. टॉवेलाच्या वर त्यांचे डोळे हसत होते. तिनं नवऱ्याच्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

बेबीताई मात्र अध्यक्षच. चहा घेऊन ताज्यातवान्या झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. "मंडळी, सरांचं भाषण कॅन्सल नाही हं, फक्त पोस्टपोन. पुढच्या रविवारी आमच्या लंडनला ठेवू. डेंटिस्ट माझ्या ओळखीचे आहेत, तोवर नवे दात करून घेऊ." सरांचे डोळे हसायचे थांबले.

दुपारी कणसं भाजली. लिंबू, तिखट, मीठ लावलेली. सगळे खात होते आणि सरांपुढे साखर घातलेल्या दुधाचा कप होता. थोड्या वेळानं त्यांनी जावयाला खूण केली. गुणवंतनं दोन कणसं कागदात गुंडाळली आणि दोघं फिरायला म्हणून तळ्याकाठच्या मोठ्या खडकामागे जाऊन बसले. डबी उघडली. सरांनी कणसाचा पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला, आणि बूट काढून पाय पाण्यात सोडले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एवढा वेळ गप्प बसलेले सर गुणवंतनं पहिल्यांदाच पाहिले.

"जवाईबापू, त्या लंडनला उंच झाडं आहेत का?"

"आहेत, बाबा. भरपूर आहेत."

"बरं झालं," सर म्हणाले. कणीस संपवून त्यांनी दात काढले, पाण्यात विसळून डबीत ठेवले आणि डबी गुणवंतच्या हातात दिली. मग ओला हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि बिनदातांनी, पण अगदी स्पष्ट बोलले, "पोरीनं माणूस उत्तम निवडला."