दौलतरावांची कणगी

भंगारात निघालेला स्टेशनवरचा वजनकाटा श्यामकांतनं संग्रहालयाच्या दारात आणून उभा केला, तेव्हा त्याच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. संग्रहालय म्हणजे बदलापुरातल्या त्यांच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. बारवी धरणाच्या आसपासच्या पाड्यांतून त्यानं गोळा केलेली जाती, सुपं, मुसळं आणि धान्य साठवायच्या कणग्या तिथे मांडल्या होत्या. बघायला कुत्रंही फिरकत नव्हतं.

"महिनाअखेर माणसं नाही आली, तर इथे कॅरम क्लब. बस्स!" चेअरमन दौलतरावांनी बजावलं होतं.

तोडगा श्यामकांतनं काढला, पण जीव ओतला तो अंबरनाथच्या चित्रकार चांगुणाबाईंनी. त्यांनी संग्रहालयातली एकेक वस्तू वजनाच्या तिकिटाएवढ्या पुठ्ठ्यावर रंगवली. सगळं हातानं, आणि एकासारखं दुसरं नाही. नाणं टाकलं की एक चित्र बाहेर, पैसे संग्रहालयाला. उल्हासनगरच्या मेकॅनिकनं मशीन तसं जुळवून दिलं, वर सल्लाही दिला. "साईं, पिक्चर निकलेगा. मगर लाइट और चक्का रहने दो. उसके बिना पब्लिक नहीं आती."

इथेच माशी शिंकली. उद्घाटनाला दौलतराव आले, दिवे लुकलुकले, चक्र गरगरलं आणि जन्माच्या सवयीनं ते चपला काढून काट्यावर चढले. पोट आत ओढून त्यांनी नाणं टाकलं. खाली चित्र पडलं ते गच्च भरलेल्या, गोल गरगरीत कणगीचं.

"हे माझं वजन?"

"साहेब, हा वजनकाटा नाही. ही कला आहे."

"मग चढू कशाला दिलंस?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. झालं! मशीन आपल्याबद्दल काय बोलतं, हे प्रत्येकाला बघायचं होतं. सोसायटीतल्या कौसाबाईंना जातं मिळालं.

"मी काय घरातल्या माणसांना भरडते का?" त्या कडाडल्या.

"मशीन खोटं नाय बोलत, आई," सून पुटपुटली.

वरच्या मजल्यावरच्या संतोषच्या नव्या नवरीला पाळणा मिळाला आणि सासूनं तिथूनच पेढे सांगितले. श्यामकांतनं 'हा वजनकाटा नाही' अशी पाटी लावली, तर लोक तिच्याच आधारानं वर चढू लागले.

मग मिळालेली वस्तू खरी कशी दिसते, हे ताडून बघायला गर्दी आत घुसली. दौलतरावही आले, ते भांडायलाच. कणगीशेजारी चित्र धरून म्हणाले, "दाखव, कुठे माझ्यासारखी..." आणि खाली वाकून बघू लागले. कणगीच्या शेणाच्या लिंपणावर कुणा बाईची पाच बोटं उमटली होती. एवढ्याशा चित्रातही ती पाचही होती, करंगळी जराशी वाकडी.

"आमच्या आईची बोटं अशीच राहायची कणगीवर," ते हळू आवाजात म्हणाले. "चांगुणाबाई, कसं हो काढलंत एवढंसं?"

"डोळे फुटेस्तोवर बघून."

श्यामकांत इतकी वर्षं ती कणगी पुसत होता, पण ती बोटं त्याला आज चांगुणाबाईंनी दाखवली.

कॅरमचा विषय पुन्हा निघाला नाही. दौलतराव मात्र रोज सकाळी चपला काढून काट्यावर चढू लागले. कधी रांजण निघे, कधी उखळ, आणि ते तोंड पाडून घरी जात. एके दिवशी ते चित्र नाचवत अनवाणीच आत धावत आले. सडसडीत मुसळ होतं.

"श्यामकांत, बघ! उतरलं की नाही?"