अंगाईची तोंडी परीक्षा

परीक्षकांच्या बायकोला सिंह पाहायचा होता, आणि सरोजची पीएच.डी. त्या सिंहापाशी येऊन अडली.

बाहेरगावाहून तोंडी परीक्षेला येणारा परीक्षक म्हणजे विद्यापीठाचा जावईच. त्याला स्टेशनवरून आणायचं, देवळं दाखवायची, मोत्यांच्या दुकानात न्यायचं आणि उरलेल्या वेळात परीक्षा उरकायची, हा रिवाज कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेलाही नाही. सरोजचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख श्रीनिवासराव या रिवाजाचे कट्टर पुरस्कर्ते. परीक्षक पोटभर जेवला आणि मनभर फिरला की प्रश्न कमी विचारतो, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी परीक्षा दुपारी तीनला ठेवली आणि सकाळीच भाड्याची मारुती व्हॅन गेस्ट हाऊससमोर उभी केली.

चिक्कडपल्ली भागात राहणारी सरोज एका कॉलेजात हंगामी शिकवत होती. प्रबंधासाठी मराठी-तेलुगू सीमेवरच्या गावांतली अंगाईगीतं गोळा करायला तिनं सुरुवात केली तेव्हा तिची शिल्पा पाळण्यात होती. आता शिल्पा शाळेत जात होती, घरात केबल आली होती आणि पोरगी साबणाच्या जाहिराती पाहत पाहत झोपत होती. सोमवारी कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. त्याआधी परीक्षकांची सही मिळाली तर जागा सरोजची, नाहीतर दुसरी एक बाई पदर खोचून तयार होती. परीक्षक संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. विद्यापीठाकडून पुढची तारीख मिळेपर्यंत शिल्पाचंच लग्न होऊन जायचं.

परीक्षक डॉ. हिम्मतराव सोळुंके औरंगाबादेहून आले होते. माणूस विद्वान, पण डोळे लाल आणि चेहरा आंबट. रेल्वेत झोप नाही, गेस्ट हाऊसमध्ये झोप नाही, घरीसुद्धा कित्येक वर्षं गोळीशिवाय डोळा लागत नाही, हे त्यांनी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या प्रबंधात एक मोठी उणीव आहे. दुपारी बोलू." सरोजनं हातातली इडली बशीत परत ठेवली.

त्यांच्या पत्नी जयवंताबाईंचा क्रम ठरलेला होता. "आधी देव, मग जनावरं, मग तुमची परीक्षा," त्या म्हणाल्या. नौबत पहाडावरच्या पांढऱ्या देवळात त्या डोळे मिटून इतका वेळ उभ्या राहिल्या की श्रीनिवासराव घड्याळ पाहू लागले.

"एवढं काय मागत होतीस?" हिम्मतरावांनी विचारलं.

"सांगितलं की फळत नसतं."

पहाड उतरून व्हॅन गावाबाहेरच्या वनोद्यानात पोचली. हरणं झाली, मोर झाले. सरोजनं भीतभीत सुचवलं, "काकू, सिंह राहू द्यायचा का? उशीर होईल."

"सिंह पाहिल्याबिगर मी काय हालत नसते," जयवंताबाई म्हणाल्या आणि सिंह दाखवणाऱ्या जाळीच्या बसमध्ये पहिल्या सीटवर जाऊन बसल्या. मागोमाग सगळे चढले. परीक्षेची कागदपत्रं असलेली आपली ब्रीफकेस हिम्मतराव क्षणभरही हातातून सोडत नसत, तीही बसमध्ये चढली.

सिंह दिसला, अगदी जवळून दिसला. झुडपातून बाहेर येऊन त्यानं बसकडे पाहिलं, जबडा वासून जांभई दिली आणि रस्त्याच्या मधोमध अंग टाकलं. ती जांभई पाहून मागच्या सीटवरचं एक तान्हं बाळ किंचाळून रडू लागलं.

"भाई, जरा हॉर्न मारो," श्रीनिवासराव ड्रायव्हरला म्हणाले.

"नक्को साब. उने हॉर्न कू नै उठता. पाँच बजे गोश्त की गाडी आती, तब उठता."

"तो पीछे लेओ."

ड्रायव्हरनं नुसतं आरशाकडे बोट केलं. बसच्या सावलीत, मागच्या चाकाला टेकून एक सिंहीण पहुडली होती.

तीन वाजले. तिकडे विभागात सरोजचा नवरा गिरीश भज्यांची टोपली सांभाळत बसला असेल आणि भज्यांसाठी जमलेले विद्यार्थी एकेक करून पांगत असतील. पाचला शिपाई कुलूप लावणार, सहाला काचीगुडा स्टेशनवरून गाडी सुटणार. सरोजला रडू आलं. पण रडायला मागे एक बाळ होतंच, त्यात आणखी भर कशाला, असं म्हणून तिनं धीर केला.

"सर, इथंच घ्या की परीक्षा."

"इथं?" हिम्मतराव म्हणाले. "तोंडी परीक्षा खुली असावी लागते. कोणालाही येऊन बसता आलं पाहिजे, असा नियम आहे."

"सगळ्या सीटा भरल्यात सर. विभागात एवढी माणसं कधीच येत नाहीत."

श्रीनिवासरावांना हे लागलं, पण खोटं म्हणता येईना. ते घसा साफ करून उभे राहिले आणि त्यांनी परीक्षा सुरू झाल्याचं तीन भाषांत जाहीर केलं. बसमधले लोक सिंहाकडे पाठ करून बसले. झोपलेल्या सिंहापेक्षा जागं माणूस पाहायला केव्हाही बरं.

हिम्मतरावांनी प्रबंध उघडला. "या गाण्यांनी मूल झोपतं, असं तुम्ही पानोपानी धरून चालला आहात. छंद दिलेत, शब्दांचे अर्थ दिलेत, सगळं दिलंत. पण मूल खरंच झोपतं, याला पुरावा काय? तो कुठंच नाही."

सरोजनं मनातल्या मनात सगळी प्रकरणं चाळली. खरोखरच कुठं नव्हता.

"पास करो जी उस्कू," मागून कोणीतरी म्हणालं. "बिचारी कित्ता डरी सो है."

बाळाची आई "एडवकु नान्ना, एडवकु" म्हणत, रडू नको रे म्हणून तेलुगूत विनवत त्याला थोपटत होती, पण ते ऐकेना. सरोज उठली, तिच्या शेजारी जाऊन बसली आणि बाळाच्या पाठीवर हात ठेवून हलक्या आवाजात गाऊ लागली.

"नीज बाळा, नीज रे, दिवा लागला रानी,
मंजिरेच्या काठावर निजलं सारं पाणी."

कडव्याच्या शेवटी मराठी 'जो जो'ला चिकटून तेलुगू 'लाली लाली' येत होतं. हेच तर तिनं गावोगाव हिंडून शोधलं होतं. 'लाली' ऐकताच बाळाची आईही सूर धरून गाऊ लागली, मग तिच्या मागची म्हातारीही. बाळाचं रडणं हुंदक्यांवर आलं आणि हुंदके थांबले. सिंहानं कूस बदलून चारी पाय ताणले.

"बस करो अम्मा," ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला. "उने और सो रा."

"सर, झोपलं," सरोज आनंदानं म्हणाली. तिनं वळून सरांकडे पाहिलं. हिम्मतरावांची मान जाळीला टेकली होती, तोंड उघडं होतं आणि प्रबंध छातीवर वरखाली होत होता.

श्रीनिवासराव त्यांना हलवायला पुढे झाले तशा जयवंताबाई आडव्या आल्या.

"हात लावायचा नाही. गोळीबिगर झोपलेत ते." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "सकाळी देवाला हेच मागितलं होतं मी."

"अहो वहिनी, पण सही?"

जयवंताबाईंनी सरोजकडे पाहिलं. सरोजच्या डोळ्यांपुढे सोमवारची मुलाखत आणि पदर खोचलेली ती दुसरी बाई उभी राहिली. तिला फार वाईट वाटलं. तरी ती म्हणाली, "झोपू द्या काकू."

पाचला गोश्ताची गाडी आली. सिंह उठला, सिंहीण उठली, परीक्षक उठले नाहीत. श्रीनिवासराव आणि व्हॅनचा ड्रायव्हर यांनी त्यांना काखेत धरून व्हॅनमध्ये घातलं आणि तसंच काचीगुड्याला नेऊन डब्यात बसवलं. ते अर्धवट चालले, पण डोळे काही उघडले नाहीत. ब्रीफकेस मात्र त्यांनी झोपेतही घट्ट धरून ठेवली होती.

इंजिनाची शिट्टी झाली आणि हिम्मतराव दचकून जागे झाले. चेहरा टवटवीत, डोळे स्वच्छ. खिडकीबाहेर प्लॅटफॉर्मवर सरोज पडेल चेहऱ्यानं उभी होती.

"हां, तर पुरावा," ते कडक आवाजात म्हणाले. "पुराव्याचा प्रश्न राहिलाय, बाई."

"पुरावा कसला मागता?" जयवंताबाई म्हणाल्या. "दोन तास घोरत होता पुरावा."

हिम्मतराव बायकोकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातातल्या घड्याळाकडे, मग संध्याकाळच्या उन्हाकडे पाहिलं. ब्रीफकेस उघडून त्यांनी कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि ते खिडकीकडे वाकले.

"सरोज," जयवंताबाई खिडकीतून घाईघाईनं म्हणाल्या, "गाडी सुटायच्या आत ते गाणं एकदा म्हण. मला घरी पाठ पाहिजे."

सरोजनं तोंड उघडलं, तसा हिम्मतरावांनी डावा हात वर केला.

"थांबा, बाई," ते म्हणाले. "आधी सही होऊ द्या, मग म्हणा."