बारापर्यंत शिकलेला माणूस

ज्ञान दिल्याने वाढते. हे वाक्य आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर गेरूने मीच लिहिलं होतं, आणि माझं अक्षर वळणदार असल्यामुळे ते खरं की खोटं हे कोणी विचारलं नाही. विचारायचा हक्क एकाच माणसाला होता, पण त्याला अक्षरं वाचता येत नव्हती. त्याला फक्त बारा आकडे वाचता यायचे, आणि तेही रोमन.

त्याचं नाव उरकुडाजी. मारेगावपासून चार कोसांवर असलेल्या आमच्या गावात एक जिन होता, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथे उरकुडाजी भोंगा वाजवायचा. बॉयलरशेजारच्या भिंतीवर परातीएवढं विलायती घड्याळ होतं. त्याच्याकडे पाहून उरकुडाजी दिवसातून पाच वेळा साखळी ओढायचा, आणि मग आमच्या गावात सकाळ, दुपार, संध्याकाळ व्हायची. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. होळीनंतर जिन बंद, भोंगाही बंद. थोडक्यात, आमच्या गावाला वेळ वर्षातून पाच महिनेच मिळायची. उरलेले सात महिने लोक ऊन पाहून जेवायचे.

किती वाजले म्हणून विचारलं, तर उरकुडाजी 'अकरा' असं सांगत नसे.

"फुली-काडी," तो म्हणायचा.

X म्हणजे फुली, V म्हणजे बेचकं, I म्हणजे काडी. सहा म्हणजे बेचकं-काडी, नऊ म्हणजे काडी-फुली. हे तो ओरडून सांगायचा, कारण भोंग्यापासून वाचवायला त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असत, आणि ते हंगाम संपल्यावरही निघत नसत. तोंडी मोजणी त्याला हजारांपर्यंत यायची. लिहायचं म्हटलं की बाराला गाडी थांबायची, कारण घड्याळ तिथे संपत होतं. पण याचा त्याने कमीपणा मानला नव्हता. बाराच्या पुढच्या कोणत्याही आकड्याच्या तो चक्करा काढायचा. बाराची एक चक्कर. आणि मग त्याचा आवडता प्रश्न, "काटा कुठं थांबते, थे सांगा."

मी अठ्ठावन्न साली यवतमाळहून बदलून आलो, त्याच आठवड्यात हा माणूस माझ्या घरात शिरला. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याने उघडलं आणि न विचारता मोठा काटा तीन मिनिटं पुढे ढकलला.

"मागं होतं," तो म्हणाला. "गावात तीन घड्याळं हायेत. तिन्हीयची जबाबदारी माह्यावर हाय."

ही जबाबदारी त्याच्यावर कोणी टाकली होती ते कळलं नाही. मग त्याने माझं वय विचारलं. मी चौतीस सांगितलं.

"दोन चक्करा. काटा कुठं थांबते?"

मी गणिताचा शिक्षक. चौतिसातून चोवीस वजा करायला मला वेळ लागत नाही. पण आपण कशाला उत्तर द्यावं, या विचारात एक क्षण गेला. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "दहावर!"

माझा उरकुडाजीवरचा राग इथून सुरू होतो.

माझी बायको इंदू उमरखेडची. तिच्या घरी मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती. लग्नानंतर मी तिला पाटी आणून दिली आणि रोज संध्याकाळी शिकवायला बसलो. पाच वर्षांत आम्ही 'ग'पर्यंत पोचलो. दोष पाटीचा नव्हता. इंदूचं म्हणणं असं की, "मी चुकायच्या आधीच तुम्ही चूक सांगता." उरकुडाजी मात्र अंगणात उकिडवा बसायचा, आमच्याच ढिगातली पऱ्हाटी मोडायचा आणि कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांची ओसरीवर फुली मांडायचा, बेचकं मांडायचा. चुकलं तर काही बोलायचा नाही. नुसता काडीकडे पाहत राहायचा, आणि ती काडी आपोआप योग्य जागी जायची. आठ दिवसांत इंदू घड्याळ वाचायला लागली. शाळेतून यायला उशीर झाला की ती आता मला सांगू शकत होती, किती उशीर झाला ते. या प्रगतीचा मला कितपत आनंद झाला असेल, हे विवाहित वाचकांना सांगायला नको.

दीक्षा घेतलेला माणूस मास्तराच्या घरात थेट आत येतो, याबद्दल गल्लीत कुजबुज होती. मी सुधारक असल्यामुळे मला त्याचं काही वाटत नव्हतं. माझा आक्षेप वेगळा होता. तो आत येऊन माझ्या बायकोला शिकवत होता.

शाळेतही त्याने मला सुखाने जगू दिलं नाही. रोमन आकडे पाचवीला मी शिकवायचो. चार म्हणजे V आणि त्याच्या डावीकडे I, हे मी फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग हसायचा, कारण जिनातल्या घड्याळावर चाराच्या जागी सरळ चार काड्या होत्या. जुन्या विलायती घड्याळांवर तशाच असतात. परीक्षेत अठरा पोरांनी चार काड्या काढल्या. मी अठरा जणांचे गुण कापले आणि जाब विचारायला जिनावर गेलो.

"उरकुडाजी, चार असे लिहीत नाहीत."

"कोन म्हन्ते?"

"पुस्तक म्हणतं."

"पुस्तक वाजते काय जी?"

"नाही."

"घड्याळ वाजते," तो म्हणाला आणि साखळी ओढली. पुढचा माझा मुद्दा भोंग्यात गेला.

त्या वर्षी शाळा तपासायला डिपोटी साहेब आले. त्यांनी पाचवीला नेमका चार विचारला. पुढच्या बाकावरच्या पोराने उठून चार काड्या काढल्या. मी पुढे होऊन काही सांगणार, तोच साहेबांनी कोटाच्या खिशातून साखळीचं घड्याळ काढलं, त्यात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "शाबास." शेरेबुकात माझ्याबद्दल चांगलं लिहून गेले. ते वाचून मला अजून त्रास होतो.

एकसष्ट सालच्या होळीच्या आधी उरकुडाजी एका संध्याकाळी माझ्याकडे आला. इंदूकडे नाही, माझ्याकडे. टोपी हातात होती आणि कानातले बोळे काढलेले होते. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"गुर्जी, फुलीच्या पुढं काय रायते जी?"

"पुढे बरंच असतं."

"मले शिकवा ना. एक साल लिव्हाचं हाय."

फुलीच्या पुढे चार अक्षरं असतात. पन्नासाचा L, शंभराचा C, पाचशेचा D, हजाराचा M. पाच मिनिटांचं काम. पण तीन वर्षांत पहिल्यांदा या माणसाला माझ्याकडून काही हवं होतं, आणि ती चव मला पटकन संपवायची नव्हती. कोणतं साल, कशासाठी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर शिकवावं लागलं असतं.

"रविवारी या," मी म्हणालो.

रविवारी तो आला तेव्हा मी झोपलो होतो. म्हणजे डोळे मिटून पडलो होतो. त्याच्या पुढच्या रविवारी मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते गेल्या महिन्याचं होतं. तिसऱ्या रविवारी मी त्याला समोर बसवलं आणि रोमचं राज्य कसं वाढलं, कसं बुडालं, हे तासभर सांगितलं. एकही अक्षर दिलं नाही. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "बुडालं तं बुडालं. पन घड्याळ चांगलं बनवलं त्यायनं."

तो गेल्यावर इंदू म्हणाली, "चार अक्षरं द्यायला तुम्हाला काय जड झालं होतं?"

"तो फुलीच्या पुढचं पेलणार नाही."

"तुम्ही 'ग'च्या पुढे जाऊ दिलं नाही, तेव्हा माझ्याबद्दलही हेच म्हणाला होतात."

चौथ्या रविवारी मी शिक्षकांच्या सभेला मारेगावला गेलो होतो. दुपारी परत आलो तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे पऱ्हाटीच्या वीतभर काड्यांच्या जुड्या, सुतळीने बांधलेल्या, ओळीने मांडलेल्या. आमचा सरपणाचा ढीग निम्मा झाला होता. एका टोकाला उरकुडाजी काड्या मोजत होता, दुसऱ्या टोकाला इंदू बांधत होती. दोघांच्या केसांत कचरा.

"हे काय चाललंय?"

"सालाच्या चक्करा काढून राह्यलो," उरकुडाजी मान वर न करता म्हणाला. "तुमाले टाइम नाई म्हून बाईले म्हनलं, लिव्हता नाई आलं तं नाई, काटा कुठं थांबते थे तं पाहू."

"कोणतं साल?"

"छप्पन. एकोनीसशे छप्पन."

सकाळपासून त्यांनी एकोणीसशे छप्पन काड्या मोडल्या होत्या. शंभरा-शंभराचे एकोणीस ढीग आणि वर एक छप्पनचा. मग त्यातून बारा-बाराच्या जुड्या. मी पायरीवर उभ्याउभ्या मनात भागाकार केला. अर्धं मिनिट लागलं. उत्तर मी सांगितलं नाही. यावेळी मात्र त्याचं कारण वेगळं होतं: दोघांपैकी कोणी मला विचारलंच नाही.

इंदूने शेवटची जुडी बांधली. उरकुडाजीने जमिनीवरून हात फिरवला, मांडीखाली पाहिलं, टोपी झटकून पाहिली.

"उरली काय एखांदी?"

"एकही नाही," इंदू म्हणाली. "एकशे त्रेसष्ट जुड्या. काटा बरोबर बारावर."

"बारावर," तो म्हणाला. मग पुन्हा, जरा हळू, "बारावरच येते ना बाप्पा." उठला, धोतर झटकलं आणि चहासुद्धा न घेता गेला. चहासाठी न थांबलेला उरकुडाजी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग इंदूने मला सांगितलं. तिला हे सगळं दोन वर्षांपासून माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी त्याला वेळेखेरीज कधी काही विचारलं नव्हतं.

उरकुडाजीची बायको भागरथा. हंगामात रोज बाराचा भोंगा झाला की ती भाकर घेऊन जिनाच्या फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली यायची. बायकांना आत सोडत नसत. फाटकातून घड्याळ दिसायचं, म्हणून त्याने तिला ते वाचायला शिकवलं, पऱ्हाटीच्या काड्यांनी, त्याच झाडाखाली. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. येताना गाडीत ती प्रत्येक स्टेशनातलं घड्याळ मोठ्याने वाचत आली. दोन महिन्यांत तापाने गेली. साल तेच. भाकर घेऊन त्याची वाट पाहायची तिची जी जागा होती, तिथे त्याने आता एक फरशी बसवली होती. म्हणजे कोणाची बाई आली तर तिला मातीत बसावं लागू नये. त्या फरशीवर त्याला ते साल हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला अर्धी सुटी टाकली. चांगल्या कागदावर, शाईने, माझ्या वळणदार अक्षरात MCMLVI लिहिलं आणि भर उन्हात जिनावर गेलो. हंगाम संपला होता, फाटकाला कुलूप होतं. उरकुडाजी निंबाखाली भाकर खात बसला होता. फरशीवर नाही, फरशीच्या शेजारी, मातीत. फरशी रिकामी होती. तिच्या कोपऱ्यात छन्नीने कोरलेलं होतं, XII. एक फुली, दोन काड्या. कोरीव काम ताजं होतं, चुरा अजून तिथेच होता.

मी कागद पुढे केला. हजार, मग हजारातून शंभर कमी, मग पन्नास, मग त्याचं जुनं बेचकं आणि काडी, असं सगळं समजावून सांगितलं. पाच मिनिटं लागली. त्याने हात धोतराला पुसले, कागद धरला आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. एकदाही चुकला नाही. आणि मी, बहुधा पहिल्यांदाच, मध्ये बोललो नाही.

"लय चांगलं हाय जी," तो म्हणाला. "पन हे थिले वाचता नसतं आलं."

"का?"

"थे बारापर्यंतच शिकली. बाराले भाकर घेऊन याची, एकाले मी पुन्हा आत जायचो. पुढं कायले लागते?" त्याने कागदाची घडी केली आणि टोपीच्या आत ठेवली. "पन ठेवतो. तुमी एवढ्या उनात आले. बसा ना."

बसायला फरशीच होती. मी मातीत बसलो. त्याने अर्धी भाकर माझ्यापुढे केली.

घरी येताना मला निंबाखालच्या त्या दोघांचा हेवा वाटत होता, हे मी इंदूला सांगितलं नाही. पाटी मात्र पुन्हा काढली. 'घ' तिने दोन दिवसांत घेतला. मी गप्प बसलो होतो.

शाळेच्या भिंतीवरचं वाक्य पुढच्या चुन्यात गेलं. मी ते पुन्हा लिहिलं नाही. अंगणातल्या जुड्या टाकून देण्यासारख्या नव्हत्या. एका जुडीत दोन कप चहा होतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशा त्या आम्हाला एक्क्याऐंशी दिवस पुरल्या. एक जुडी उरली. ती पावसात भिजली.